दोष कुणाच्या हिशेबात?

कंबरेच्या एमआरआयसाठी त्या बोगद्यात पडलो होतो, तेव्हा भोवतीच्या तारेचा विचार डोक्यात आला. (इंजिनिअरिंगच्या सवयी, दुसरं काय.) ती तार बहुधा नायोबियम-टायटॅनियमची असते, द्रव हेलियममध्ये ४ केल्विनच्या आसपास ठेवलेली. अशा अतिसंवाहकात चुंबकीय क्षेत्र बारीक भोवऱ्यांच्या रूपात शिरतं, हे अब्रिकोसोव्ह यांनी १९५७मध्ये मांडलं. नोबेल मिळालं २००३मध्ये. तारेतून प्रवाह गेला की तो भोवऱ्यांना आडवं ढकलतो. ते सरकले की ऊर्जा खर्च होते, रोध येतो. म्हणजे स्फटिक जितका निर्दोष, तितके भोवरे मोकाट आणि तार तितकी निकामी! म्हणून तार ओढता-तापवताना तिच्यात टायटॅनियमचे नॅनोमीटरभर जाडीचे पट्टे मुद्दाम तयार करतात. भोवऱ्याच्या गाभ्यात अतिसंवाहकता मेलेली असते आणि ती मारायला ऊर्जा लागते. पट्ट्यापाशी ती आधीच नसल्यासारखी असते, त्यामुळे भोवऱ्याला तिथे बसणं स्वस्त पडतं. तो अडकतो.

इथून 'आपले दोष हीच आपली ताकद' या पोस्टरवर उडी मारणं सोपं आहे. मला ते पटत नाही. दोष बेसुमार झाले तर प्रवाहाला वाटच उरत नाही. त्यांचा आकार भोवऱ्याच्या गाभ्याशी जुळावा लागतो. निसर्ग सरसकट माफी देत नाही.

पण मला टोचतं ते वेगळंच. आमच्या टीममधला एक जण प्रत्येक रिलीजच्या आधी विचारायचा, "हे फसलं तर मागे कसं यायचं?" त्याच्या रिव्ह्यूमध्ये मी लिहिलं, 'कामाचा वेग अडवतो.' तीन महिन्यांनी त्याला काढलं. पुढे एका रात्री डेटाबेसचं मायग्रेशन फसलं. मागे यायची वाट कुणीच ठेवली नव्हती, मीही नाही.

आता त्याला तारेतल्या पट्ट्याची उपमा द्यायचा मोह होतो. पण ती रात्र उगवलीच नसती तर? मग माझं वाक्य न्याय्य ठरलं असतं का? टायटॅनियमला 'दोष' म्हणा की 'आधार', त्याला फरक पडत नाही. या माणसाचा पगार थांबला होता.

त्याचा नंबर अजून फोनमध्ये आहे. "तुझी गरज होती रे" असं म्हणावं, तर तेही त्याला उपयोगाच्याच काट्यावर तोलणं झालं. दुसरं वाक्य अजून सुचलेलं नाही.