तिचं कडवं

गोटिये या ऑस्ट्रेलियन गायकाचं 'समबडी दॅट आय यूज्ड टु नो' २०११ साली आलं, तेव्हा मी शाळेत होतो. खरं ऐकलं ते ब्रेकअपनंतर.

निम्म्याहून जास्त गाणं तो एकटाच बोलतो. आठवणी, तक्रार, थोडी स्वतःची कीव. आपण नकळत त्याच्या बाजूचे होतो. मग किंब्रा गाऊ लागते आणि तेच नातं तिला कसं जाचत होतं ते कळतं. इतका वेळ एकाचंच ऐकून आपण निकाल दिलेला असतो.

हरवलेल्या प्रेमावरच्या बहुतेक गाण्यांत हे दुसरं कडवं नसतं. माझ्या आठवणींतही नव्हतं. चार वर्षं मी हळहळलो, पण त्यात सगळा मीच. स्टेशनवर ताटकळणारा मी, उत्तर न मिळालेला मी. "ऐकतोयस ना?" असं तिने विचारल्यावर लॅपटॉपवरून मान वर न करणारा मी त्यात कुठेच नव्हतो.

अशा हळहळीला पश्चात्ताप म्हणावं का? मला वाटतं, नाही. पश्चात्तापात समोरच्याचं म्हणणंही ऐकावं लागतं, आपल्याला न शोभणारं असलं तरी.

तिला मेसेज करावासा वाटतो, पण करत नाही. तोही माझाच आवाज असेल.