रंगभूमीवरचा राघोबा आणि दप्तरातला राघोबा

नाशिकहून गंगापूरच्या रस्त्याने निघाल्यावर गोदाकाठी जी आनंदवल्ली लागते, ती आता शहरातच विरून गेली आहे. परंतु मूळच्या चावंडस गावाला रघुनाथराव ऊर्फ राघोबा पेशव्यांनी आपल्या पत्नीवरून हे नाव दिले, ही परंपरा तिथे अद्याप टिकून आहे. हा पुरुष इतका जवळचा असूनही आपल्या मनात जो राघोबा वसतो तो येथला नव्हे. तो कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तला, म्हणजे १९०९ सालचा आहे.

खाडिलकरांचा राघोबा मॅकबेथच्या कुळातला आहे, हे समीक्षकांनी पुष्कळदा दाखवून दिले आहे. महत्त्वाकांक्षी पत्नी, डळमळणारा पती, घरातल्याच धन्याचा खून आणि त्यानंतर पोखरत जाणारे मन, हा सांगाडा शेक्सपियरचा. आणि नाशिकच्याच शिरवाडकरांनी पुढे ‘राजमुकुट’ लिहून मॅकबेथला मराठी वेष दिला, तेव्हा त्याची ओढ आपल्याकडे किती चिवट आहे हे पुन्हा प्रत्ययास आले. पण ज्या मॅकबेथवरून हे सारे निघाले, तो इतिहासातला राजा कसा होता? डंकन हा शय्येवर मारलेला वृद्ध नव्हता. १०४० साली रणांगणात पडलेला तरुण राजा होता. त्यानंतर मॅकबेथने सतरा वर्षे राज्य केले, १०५० मध्ये रोमची यात्रा करून तिथे गोरगरिबांना द्रव्य वाटले, आणि इतक्या निर्धास्तपणे देश सोडून जाणाऱ्या राजाची मसनद डळमळीत असेल, असे मानणे कठीण आहे. शेक्सपियरच्या काळी गादीवर असलेला जेम्स स्वतःला बँकोचा वंशज म्हणवीत असे. तेव्हा बखरीत खुनाचा साथीदार असलेला बँको नाटकात निष्कलंक झाला आणि सारे पाप मॅकबेथच्या माथी बसले. राजसत्तेपुढे नाटककाराने केलेला हा मुजराच होय.

आपल्याकडे मात्र गंगा उलटी वाहिली. तिकडे नाटकाने राजाला अधिक काळा केला. इकडे राघोबा उजळला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावास मारले, तेव्हा तो पुतण्या नजरकैदेतल्या चुलत्याच्याच कमरेस मिठी मारून बसला होता. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी चौकशी केली, आणि राघोबाच्या हुकुमातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ झाल्याची कथा पुढे ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या ग्रंथात नमूद केली. पण तो फेरफार आनंदीबाईने केला, हे त्यानेही सर्वसाधारण समज म्हणूनच सांगितले. त्या समजाने चुलत्याचा अपराध निम्मा केला आणि उरलेला स्त्रीच्या पदरात टाकला. रंगभूमीला तर अशी स्त्री हवीच होती, कारण पश्चात्तापाने पिळवटणाऱ्या राघोबाविषयी प्रेक्षकाला करुणा वाटावयाची, तर हुकुमाची शाई दुसऱ्या कोणाच्या बोटांना लागली पाहिजे. पेशव्याच्या रक्ताविषयीचा आपला आदरही, मला वाटते, याच वाटेने सुरक्षित राहिला. खाडिलकरांसमोर दुसरीही एक फूट होती: नाटक रंगभूमीवर आले त्याच्या दोनच वर्षे आधी काँग्रेस सुरतेस दुभंगली होती, आणि याच सुरतेचा तह राघोबाने ६ मार्च १७७५ रोजी इंग्रजांशी केला होता. ‘केसरी’त घडलेल्या लेखकाला हा योग दिसला नसेल असे मला वाटत नाही.

वासुदेवशास्त्री खरे, राजवाडे, सरदेसाई यांच्या परिश्रमाने अस्सल कागदपत्रे उजेडात आली, तसतसा राघोबाचा विचारही बदलत गेला. १७५८ साली ज्याच्या फौजा लाहोरास पोहोचल्या, १७६८ साली धोडपच्या पायथ्याशी जो पुतण्या माधवरावाकडून पराभूत होऊन कैदेत पडला, त्या पुरुषाच्या आयुष्यात खून ही पहिली पायरी नसून दीर्घ वैफल्याच्या मधली एक घटना ठरते. शिवाय शोकांतिकेच्या नायकाचे जे वैभव, म्हणजे पापाच्या शिखरावरून एकदम कोसळणे, तेही त्याच्या वाट्याला आले नाही. कारभाऱ्यांच्या ‘बारभाई’ मंडळाने गादी काढून घेतल्यावर तो सुमारे दहा वर्षे जगला: सुरत, पुरंदर, वडगाव, सालबाई या प्रत्येक तहात त्याचे नाव कलम म्हणून आले, आणि अखेरीस सालबाईच्या १७८२ च्या तहनाम्यान्वये दरमहा २५,००० रुपयांच्या नेमणुकीवर तो कोपरगावास येऊन राहिला. पुढल्याच वर्षी तिथेच गोदातीरी त्याचे देहावसान झाले. त्याला सदसद्विवेकाने ग्रासले की नाही, हे दप्तर सांगत नाही. इंग्रज आणि कारभारी यांच्यात त्याची किंमत ठरत होती, एवढे मात्र स्पष्टपणे सांगते. हा अंक कोण रंगवणार? त्यात ना किंकाळी, ना स्वगत.

आणि ‘लेडी मॅकबेथ’? शेक्सपियरची नायिका वेड लागून मरते. आनंदीबाई पतीच्या मागे दहाएक वर्षे सरकारी देखरेखीखाली जगली आणि १७९४ साली आनंदवल्लीसच वारली. तिच्याजवळ वाढलेला बाजीराव दोन वर्षांनी पेशवा झाला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने वसईस इंग्रजांशी जो तह केला, तो बापाने सत्तावीस वर्षांपूर्वी सुरतेस धरलेल्या वाटेवरचाच होता.