चोक द्यावा, वेळेवर काढावा

म्हैसूरच्या यादवगिरी भागात एकेकाळी मोटरसायकलचा कारखाना होता, आयडियल जावा. १९६१ पासून तिथे जावा गाड्या तयार होऊ लागल्या, १९७३ पासून त्याच येझदी नावाने यायला लागल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. गाड्या मात्र थांबल्या नाहीत. म्हैसूरच्या गल्ल्यांतून त्यांची फटफट अजूनही ऐकू येते. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिवस असतो. त्या दिवशी हौशी मालक आपापल्या गाड्या घासूनपुसून रस्त्यावर आणतात. पण या गाड्यांशी खरी गाठ पडते ती डिसेंबर-जानेवारीत. म्हैसूर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरहून उंचावर आहे. पहाटे चांगलाच गारवा असतो. त्यात गाडी आठ-दहा दिवस अंगणात उभी राहिलेली असली, तर पहिल्या किकला ती हूं की चूं करत नाही. ज्यांनी आयुष्यभर अशी गाडी वापरली, ते यावर चिडत नाहीत. ती असं का करते, हे त्यांना ठाऊक असतं.

इंजिनाला नुसतं पातळ पेट्रोल चालत नाही, त्याची वाफ हवेत मिसळावी लागते. थंडीत ही वाफ कमी होते. शिवाय गाडी बरेच दिवस उभी राहिली, की कार्बोरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलचा चटकन उडणारा भाग आधीच उडून गेलेला असतो. म्हणून थंड इंजिनाला सुरुवातीला नेहमीपेक्षा थोडं जास्त पेट्रोल द्यावं लागतं. जाणकार मालक आधी पेट्रोलचा कॉक उघडतो आणि वाटी भरेपर्यंत थांबतो. जुन्या जावाच्या कार्बोरेटरवर एक छोटं बटण असतं. ते दाबलं की वाटीत थोडं जादा पेट्रोल येतं. इतर गाड्यांत हेच काम चोक करतो. तो हवा अडवतो, त्यामुळे पेट्रोलचं प्रमाण वाढतं. मग चावी न लावताच दोन-तीन सावकाश किक मारायच्या. त्यांचा काही आवाज होत नाही, ठिणगीही पडत नाही, पण पेट्रोल आणि हवा आतपर्यंत पोचतात. त्यानंतर चावी लावून खरी किक. आपल्याकडे बजाजची स्कूटर आधी एका बाजूला तिरकी करून मग किक मारणारे काका घरोघरी होते. त्यांनाही कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. गाडीला काय हवंय, ते रोजच्या सवयीने कळलं होतं.

घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. पहिला घाईत. गाडी लागत नाही म्हणून माणूस इरेला पेटतो, किकवर किक मारत सुटतो. आत पेट्रोल साचतं, प्लग ओला होतो आणि मग ठिणगीच पडत नाही. अशा वेळी कॉक बंद करायचा, प्लग काढून पुसायचा आणि थोडं थांबायचं, हाच जवळचा रस्ता असतो. दुसरा घोटाळा गाडी सुरू झाल्यानंतरचा, आणि तो पटकन लक्षात येत नाही. गाडी लागली म्हणून खुशीत चोक तसाच ठेवला, तर इंजिन गरम झाल्यावर तेच जादा पेट्रोल त्याला नडायला लागतं. धूर येतो, प्लग काळा पडतो, गाडी दम लागल्यासारखी अडखळते. जे पहिल्या मिनिटाला औषध होतं, तेच पाचव्या मिनिटाला ओझं होतं. म्हणून गाडीचा आवाज जरा स्थिर झाला, की हळूहळू चोक काढून घ्यायचा.

आपल्या घरातही बऱ्याच गोष्टी अशा उभ्या राहून गार पडलेल्या असतात. कित्येक महिने न उघडलेली पेटी. वर्षभर फोन न केलेली आत्या. ऑफिसात कालच आलेली, अजून कुणाशी न बोललेली मुलगी. अशा ठिकाणी पहिली किक फुकट गेल्यासारखी वाटणारच. आत्याशी पहिली दोन मिनिटं हवापाण्यावरच जातात, पेटीवर बोटं अडखळतात. तेव्हा ‘आता काही राहिलं नाही’ असं ठरवून फोन ठेवू नये, पेटीही मिटू नये. जरा जास्त वेळ द्यावा, एक प्रश्न जास्तीचा विचारावा, मनातली घाई बाजूला ठेवावी. आवाज न करणाऱ्या त्या पहिल्या दोन-तीन किक वाया जात नाहीत. आणि एकदा गाडी लागली, की हात काढून घ्यायलाही जमलं पाहिजे. ऑफिसातल्या त्या मुलीला पहिल्या दिवशी शेजारी बसून काम दाखवावं. महिन्याभरानेही तिच्या खांद्यावरून डोकावत राहिलो, तर तिला ते जाचच वाटेल. मुलाला अभ्यासाला बसवताना पहिलं गणित सोबत सोडवावं, दुसऱ्याला आपण स्वयंपाकघरात निघून जावं. मदत कमी पडल्याने जितकी कामं अडतात, तितकीच ती वेळेवर न थांबल्यानेही अडतात. आज कामाला निघताना एवढंच ठरवू या: जे गार पडलंय त्याला सुरुवातीला थोडं जास्त देऊ, आणि ते आपल्या बळावर चालू लागलं की आनंदाने बाजूला होऊ.