मोडलेला घोटा आणि कर्मविचार

कर्मसिद्धान्ताकडे पाहण्याच्या दोन दिशा भारतीय विचारपरंपरेत आढळतात. पहिली दिशा मागे वळणारी आहे. ती भोगावरून कर्माचे अनुमान करते, म्हणजे आज वाट्याला आलेल्या दुःखावरून पूर्वी केव्हातरी घडलेल्या पापाकडे बोट दाखवते. दुसरी दिशा पुढे पाहणारी आहे. आजच्या कृतीतून उद्याचे फळ घडत असेल तर आज काय करणे योग्य, असा प्रश्न ती विचारते. युद्ध, दुष्काळ, महापूर अशा मोठ्या आपत्तींच्या चर्चेत हा फरक पुसट होतो, कारण तेथे अनेकांचे कर्तृत्व आणि अनेकांचे अपराध एकमेकांत मिसळलेले असतात. उलट, रोजच्या वावरातील घरात पाय घसरून घोटा मोडावा, त्यावर शस्त्रक्रिया व्हावी आणि पुढचे काही आठवडे अंथरुणाला खिळून काढावे लागावेत, अशा साध्या प्रसंगात तो लख्ख दिसतो. अशा वेळी रुग्णाच्या मनात ‘हे माझ्याच वाट्याला का?’ हा प्रश्न उमटतो आणि समाचाराला आलेली माणसे त्याला ‘प्रारब्ध’ या एका शब्दात उत्तर देऊन मोकळी होतात. कर्मसिद्धान्ताचे उत्तर खरोखर तेवढेच आहे काय, हे येथे तपासायचे आहे.

प्रथम मोडते ते काय, हे पाहिले पाहिजे. नडगीचे जाड हाड आणि तिच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड ही दोन्ही खाली येऊन एक खाच तयार करतात आणि त्या खाचेत पावलाचे सर्वांत वरचे हाड बसते. या सांध्याला घोटा म्हणतात. पाय पिळवटून शरीराचा भार त्यावर आला की खाचेच्या एका किंवा दोन्ही भिंती तुटतात. आतले हाड केवळ १ मिलिमीटर बाहेर सरकले तरी सांध्यातील हाडांचा परस्परस्पर्श सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो, असे १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले होते. त्यामुळे जागेवरून हललेले तुकडे पुन्हा नीट जुळवून पट्टी आणि स्क्रू यांनी पक्के करावे लागतात. एका मिलिमीटरचे हे अंतर तत्त्वचिंतनालाही महत्त्वाचे आहे. मनुष्याचे चालणे, आणि चालण्यावर उभे असलेले त्याचे स्वातंत्र्य, किती बारीक मापावर तोलले गेले आहे याची जाणीव त्यातून होते. घरातील पडण्यात दोष देण्यासाठी शत्रू नसतो, वाहन नसते, वादळ नसते. असते ती न्हाणीघरातील ओली फरशी किंवा वर्षानुवर्षे ओलांडलेला उंबरठा. दोष ठेवायला समोर कोणीच नसल्यामुळे मन अदृष्टाकडे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या पूर्वकर्माच्या संस्काराकडे, धाव घेते.

लोकव्यवहारात कर्माचे तीन भाग मानले जातात: अनेक जन्मांत साठलेले ते संचित, त्यातून या जन्मी भोगास आलेले ते प्रारब्ध आणि सध्या केले जात असलेले ते क्रियमाण. वेदान्तसूत्रांच्या चौथ्या अध्यायात मात्र मुख्य भेद दोनच आहेत: ज्याचे फळ सुरू झाले आहे ते आरब्धकार्य आणि ज्याचे फळ अद्याप सुरू झालेले नाही ते अनारब्धकार्य. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’तील दहाव्या प्रकरणात या भेदाची चर्चा आहे. त्या प्रकरणाला टिळकांनी ‘कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य’ असे दुहेरी नाव दिले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. विपाक म्हणजे कर्म पिकून फळास येणे. विपाकाचा नियम मान्य करून आत्म्याच्या स्वातंत्र्याला जागा उरते काय, हा त्या प्रकरणाचा कळीचा मुद्दा असून टिळकांचे उत्तर होकारार्थी आहे. शांकर परंपरेत प्रारब्धासाठी सुटलेल्या बाणाचा दृष्टान्त दिला जातो; धनुष्यातून निघालेला बाण वेग संपेपर्यंत थांबत नाही. परंतु सुटलेल्या बाणाला परत बोलावता येत नाही, एवढेच हा दृष्टान्त सांगतो. भात्यात उरलेल्या बाणांचे काय करावे, हे ठरवण्याचा धनुर्धराचा अधिकार तो काढून घेत नाही.

मागे वळणाऱ्या वाचनावर पहिला आक्षेप खुद्द शास्त्रग्रंथांतूनच येतो. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे आधारभूत शरीर, कर्ता, करणे म्हणजे इंद्रियादी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि दैव. दैवाला येथे स्थान आहे, पण ते पाचवे आहे आणि पाचांपैकी एक आहे. ही गणना घरातील पडण्याला लावली तर वयोमानाने ठिसूळ झालेले हाड, घाईत असलेले मन, अंधारात नीट न दिसणारी नजर आणि चुकीच्या कोनात पडलेले पाऊल ही चार कारणे हाताशी लागतात. या चारांना वगळून थेट पाचव्याकडे जाणारा मनुष्य गीतेचे अनुसरण करत नसतो. तो तिची गणना अर्धवट सोडत असतो.

बौद्ध परंपरेने हा मुद्दा अधिक स्पष्ट शब्दांत मांडला. संयुत्तनिकायातील एका सुत्तात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की, मनुष्याला होणारे प्रत्येक सुख आणि दुःख पूर्वकर्मामुळेच होते, हे मत योग्य आहे काय. बुद्ध ते मत नाकारतात आणि वेदनेची आठ कारणे सांगतात: पित्त, कफ, वात, या तिघांचा सन्निपात, ऋतूंतील बदल, शरीराची विषम निगा, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. कर्मविपाक येथे आठवा आहे. सर्वच दुःख पूर्वकर्माच्या खात्यावर टाकणारा मनुष्य स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाने सत्य मानलेल्या गोष्टींच्याही पलीकडे जाऊन बोलतो, असा त्या उत्तराचा आशय आहे.

तिसरे प्रमाण आयुर्वेदाचे आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात आयुष्य आधीच ठरलेले असते की नसते, अशी शंका अग्निवेश उपस्थित करतो. दैव म्हणजे पूर्वदेहात केलेले कर्म आणि पुरुषकार म्हणजे या देहातील प्रयत्न, या दोहोंच्या संयोगावर आयुष्य अवलंबून असते, असे आत्रेय सांगतात. सर्व काही ठरलेलेच असते तर औषध घेण्याला आणि पिसाळलेल्या हत्तीपासून दूर राहण्याला अर्थच उरला नसता, हा त्यांचा युक्तिवाद आहे. पुढे ते गाडीच्या आसाचा दृष्टान्त देतात. चांगला आस योग्य वापरात हळूहळू झिजून आपल्या वेळी निकामी होतो; तोच आस जास्त भार, खाचखळग्यांचा रस्ता, गाडीवानाचा दोष किंवा वंगणाचा अभाव यांमुळे वाटेतच मोडतो. शरीराच्या गाडीला घोटा म्हणजे असाच एक आस आहे आणि तो मोडला असता रस्ता, भार व वंगण यांची चौकशी करणे हेच आत्रेयांना अभिप्रेत असलेले शहाणपण आहे.

सुश्रुतसंहितेतील अस्थिभंगाचे प्रकरण याच वृत्तीने लिहिलेले आहे. हाड मोडण्याच्या कारणांत तेथे पडणे, दाबले जाणे, प्रहार, फेकले जाणे आणि हिंस्र पशूचा चावा यांची गणना आहे. पूर्वजन्मातील पाप या यादीत नाही. सुश्रुताने मोजलेल्या १०७ मर्मांत, म्हणजे इजा होताच गंभीर परिणाम करणाऱ्या स्थानांत, ‘गुल्फ’ या नावाने घोट्याचा समावेश असून तेथील आघाताने वेदना, पाय ताठणे किंवा लंगडेपण येते, असे निदान दिले आहे. मोडलेल्या भागाला झाडांच्या सालींचा आधार बांधून ते बंधन थंड ऋतूत सात, समशीतोष्ण काळात पाच आणि उष्ण ऋतूत तीन दिवसांनी बदलावे. तरुणपणी सांधा एका महिन्यात, मध्यम वयात दोन आणि उतारवयात तीन महिन्यांत स्थिर होतो, असेही तो सांगतो. रुग्णाच्या पूर्वजन्माची चौकशी न करता त्याचे वय आणि ऋतू विचारणारे हे शास्त्र पुढे पाहणाऱ्या कर्मविचाराचे उत्तम उदाहरण आहे.

येथे एका प्रामाणिक शंकेला उत्तर देणे आवश्यक आहे. प्रारब्धाच्या कल्पनेने अनेकांना धीर मिळतो आणि सहनशक्ती वाढते. मग ती नाकारावी कशासाठी? धीर मिळतो हे खरे आहे. रात्री दोनच्या सुमारास, भुलीचा अंमल उतरून टाक्यांची ठणक सुरू झाल्यावर, ‘हा भोग आहे, तो सरेल’ असे स्वतःशी म्हणणारा रुग्ण त्या शब्दातून बळच मिळवतो, कारण त्याने तो शब्द संपणाऱ्या गोष्टीसाठी वापरलेला असतो. तोच शब्द खाटेशेजारच्या खुर्चीवर बसलेला धडधाकट मनुष्य उच्चारतो तेव्हा त्याचा अर्थ ‘तू काहीतरी केले असशील’ असा होतो. बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे: शरीराला लागलेला पहिला बाण वेदनेचा आणि त्यावर मनाने स्वतःला मारून घेतलेला दुसरा बाण शोकाचा. दुसऱ्याच्या दुःखावर प्रारब्धाचा शिक्का मारणारा मनुष्य हा दुसरा बाण रुग्णाच्या हाती देत असतो. म्हणून प्रारब्ध हा शब्द ज्याचे दुःख त्यानेच उच्चारावा, अशी मर्यादा त्याला घालणे भाग आहे.

शस्त्रक्रियेनंतरचा काळ क्रियमाणाचा अर्थ शरीराच्या भाषेत शिकवतो. अनेकदा सुमारे सहा आठवडे त्या पायावर भार देण्याची मनाई असते. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळते, मग मऊ सांधणी तयार होते, ती कठीण होते आणि त्यानंतर कित्येक महिने हाड स्वतःची पुनर्रचना करत राहते. ज्या दिशेने भार येतो त्या दिशेने हाड बळकट होते आणि भार नसेल तेथे विरळ होते, हे तत्त्व जर्मन शल्यविशारद युलियुस वोल्फ यांनी १८९२ साली ग्रंथरूपाने मांडले. प्लॅस्टर निघते तेव्हा आतून दिसणारा पाय परक्याचा वाटावा असा असतो: पोटरी बारीक झालेली, कातडी कोरडी पडून तिचे पापुद्रे निघत असलेले, घोट्याशी सूज आणि टाक्यांची गुलाबी रेघ. वॉकर धरून पाऊल टेकवताना आधी टाच घाबरत जमिनीला लागते, भार तसाच दुसऱ्या पायावर राहतो, आणि मग इंचाइंचाने तो या पायाकडे येतो. त्या क्षणी पाय का मोडला याचे कोणतेही उत्तर, लौकिक किंवा पारलौकिक, उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ते टेकवलेले पाऊल. ते टेकवले तरच हाडाला भार मिळतो आणि भार मिळाला तरच हाड हाडासारखे होते.

परंतु हे पाऊल रुग्ण एकट्याने टाकत नाही आणि येथे कर्मविचाराचा एक दुर्लक्षित पैलू समोर येतो. वॉकरला दोन्ही हात गुंतलेले असल्याने रुग्णाला चहाचा कप ओट्यावरून टेबलापर्यंत नेता येत नाही. चहा करता येतो, पिता येतो, पण चार पावले नेता येत नाही. आयुष्यभर इतरांना चहा देत आलेल्या व्यक्तीला, विशेषतः घर चालवणाऱ्या स्त्रीला, ही चार पावले ठणकेपेक्षा अधिक बोचतात. धर्मशास्त्रांनी दात्याच्या कर्तव्याची सविस्तर चर्चा केली. घेणाऱ्याच्या वाट्याला मुख्यतः संकोच आला. वास्तविक, सेवा स्वीकारणे हेही क्रियमाण कर्मच आहे. ‘मला कोणाचे उपकार नकोत’ असे म्हणून ओल्या फरशीवर पुन्हा एकट्याने जाणारा रुग्ण स्वावलंबन दाखवत नसतो. तो अहंकारासाठी इतरांच्या कष्टांवर पाणी फिरवत असतो.

वारकरी परंपरेला हे फार पूर्वी कळले होते. महिपतींच्या १७६२ साली पूर्ण झालेल्या ‘भक्तविजया’त पैठणच्या कूर्मदासाची कथा आहे. हातपाय नसलेला हा भक्त सरपटत पंढरीच्या वाटेला लागला आणि माढा तालुक्यातील लऊळ येथे त्याचे बळ संपले. तेव्हा विठ्ठलच त्याच्या भेटीला तेथे आला, अशी ती कथा असून लऊळ येथे कूर्मदासाचे मंदिर आजही आहे. चालणे हेच ज्या पंथाचे मुख्य साधन आहे, त्याच पंथाने न चालू शकणाऱ्याला संतपद दिले, ही बाब साधी नाही. कूर्मदासाला हातपाय का नव्हते, हा त्या कथेचा विषय नाही. त्याने किती वाट चालली आणि उरलेली वाट कोण चालून आले, हा तिचा विषय आहे.

एवढ्या विवेचनानंतर निर्णय स्पष्ट आहे. मागच्या कर्माचा हिशेब कोणालाही दिसत नाही, म्हणून त्याच्या आधारे दुसऱ्याला दोषी ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. पुढचे कर्म मात्र रुग्णाला आणि त्याच्या भोवतालच्या माणसांना सारखेच दिसते. ज्याला कर्मसिद्धान्तावर खरी श्रद्धा आहे त्याने मोडलेल्या घोट्याच्या समाचाराला जाताना प्रारब्धाची भाषा दाराबाहेर ठेवावी, न्हाणीघरातील फरशी कोरडी करावी, भिंतीला धरायला एक दांडी बसवून द्यावी आणि चहाचा कप ओट्यावरून टेबलावर आणून ठेवावा.