योगभ्रष्ट आणि तालमीची माती

तालीम सुटून दहा-पंधरा वर्षं झालेला पैलवान पुन्हा लांग चढवून हौद्यात उतरतो, तेव्हा हात आधी कामाला लागतात. समोरच्याचं मनगट मुठीत आलं की पट काढायला अंग आपसूक खाली जातं. डाव बरोबर सुचलेला असतो. पण कंबर वळेपर्यंत समोरचा पोरगा पाठीवर आलेला असतो. मग मधल्या वर्षांत नेमकं काय गेलं आणि काय उरलं? प्रश्न शरीरशास्त्राचा वाटतो, पण तो गीतेच्या सहाव्या अध्यायातला आहे. श्रद्धा असूनही ज्याचं मन योगातून ढळलं, त्याची गत काय, असं अर्जुन तिथे विचारतो. फुटलेल्या ढगासारखा तो ना इकडचा ना तिकडचा होऊन विरून जातो का, ही त्याची भीती. केलेलं वाया जात नाही, असा माणूस चांगल्या घरी पुन्हा जन्म घेतो आणि पूर्वीचा अभ्यासच त्याला, त्याच्या मनात असो-नसो, पुढे ओढत नेतो, असं उत्तर श्रीकृष्ण देतो.

हे उत्तर तालमीला लावता येतं, असं माझं म्हणणं आहे. मात्र लावताना त्यातली एक अट उलटी होते आणि सगळी अडचण तिथेच आहे. आधी उरतं काय ते पाहू. वैशेषिकांनी संस्काराचे तीन प्रकार मानले. सुटलेल्या बाणात असतो तो वेग, अनुभवानंतर आत्म्यात राहते ती भावना, आणि वाकवलेली फांदी सोडल्यावर पुन्हा जागेवर येते ते स्थितिस्थापक. दम हा वेगासारखा आहे. ढकलणं थांबलं की तो सरतो. मेहनत बंद केल्यावर काही आठवड्यांतच छाती भरून येऊ लागते. डावाची जाण भावनेसारखी टिकते. आणि स्नायूचं वागणं काहीसं त्या फांदीसारखं दिसतं. ऑस्लोच्या संशोधकांनी 2010 साली उंदरांमध्ये दाखवलं, की भार पडून वाढलेल्या स्नायूत पेशीकेंद्रांची संख्या वाढते, आणि पुढे स्नायू बारीक झाला तरी ती केंद्रं टिकून राहतात. माणसाच्या बाबतीत हे कितपत खरं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तरी एकदा घडलेलं अंग नवख्यापेक्षा लवकर भरतं, हे कुठलाही वस्ताद प्रयोगशाळेशिवाय सांगेल.

आता ती उलटी झालेली अट. गीतेतल्या योगभ्रष्टाला नवा देह मिळतो, आणि मागचा जन्म त्याला आठवत नाही. पूर्वाभ्यास त्याला ओढतो. पण ‘मी कोण होतो’ हे ओझं त्याच्या डोक्यावर नसतं. हौद्यात परतलेल्याला देह तोच, वापरलेला, गुडघ्यात कुरकुरणारा. आणि आठवण मात्र शाबूत. कुठल्या मैदानात कोणाला ढाकेवर फेकलं, टाळ्या किती वेळ चालल्या, सगळं लक्षात. नैयायिकांच्या हिशेबात भावना-संस्कारातूनच स्मृती उपजते. म्हणजे ज्या संस्काराने हाताला डाव दिला, त्याच जातीच्या संस्काराने डोक्यात फुशारकीही ठेवली. म्हणूनच अभ्यासाच्या जोडीला वैराग्य लागतं, असं गीता आणि योगसूत्रं दोन्ही सांगतात. इथे ते वैराग्य संसाराबद्दलचं नाही. ते स्वतःच्या जुन्या नावाबद्दलचं आहे, आणि माझ्या मते जास्त अवघड आहे. दूध-तूप सोडणारे पुष्कळ भेटतात. विशीतल्या स्वतःला सोडणारा विरळा.

यावर पतंजलीचाच आधार घेऊन कोणी म्हणेल, की अभ्यास दीर्घकाळ, आदराने आणि खंड न पडता केला तरच तो पक्का होतो. मग खंड पडलेल्याचं काय राहिलं? पण निरंतरता ही अभ्यास दृढ होण्याची अट आहे, पुन्हा सुरुवात करण्याची नव्हे. शिवाय पतंजलीने योगातले जे नऊ अडथळे मोजले, त्यांतला पहिला आजारपण आणि शेवटचा मिळालेल्या पायरीवर टिकून न राहणं. ज्याने घसरण आधीच हिशेबात धरली, त्याने घसरलेल्याला दार बंद केलं असं कसं म्हणावं?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. योग मोक्षासाठी, कुस्ती समोरच्याला चितपट करण्यासाठी. दोन्ही एका मापाने मोजणं म्हणजे शब्दांची चैन. इनामावर लढणाऱ्या मल्लाबद्दल हे मान्य करावंच लागेल. पण परतलेल्याला बहुधा इनाम मिळायचं नसतं, फड मारायचा नसतो. फळ हातून गेल्यावरही जो पहाटे माती उकरतो, तो निष्काम कर्माच्या निदान उंबऱ्यापर्यंत तरी आलेला असतो. उंबऱ्यापर्यंतच, कारण हे तो हौसेने करत असेल किंवा पोट सुटलं म्हणूनही. आणि त्यात वाईट काही नाही.

तिसरं, उतारवयात हा हट्ट कशाला? हाडं मोडून घेण्यात कसला आला परमार्थ? खरंच आहे, म्हणून पहिल्या महिन्यात लढत नको, जोर-बैठका आणि खोरं एवढंच हवं. तेल, ताक, हळद, लिंबू पडलेली ती माती तुडवून दाबली गेलेली असते. ती खणून भुसभुशीत करायला सांगतात ते सगळ्यांत नव्या पोरांना. जुन्या पैलवानाने मारुतीला हात जोडून तेच खोरं मागून घेतलं, तर त्याची उकर पोरांपेक्षा खोल आणि सारखी जाते. दहा घावांत धाप लागते ती लागतेच. तो खोऱ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून थांबतो आणि बाजूचं पोरगं विचारतं, ‘काका, नवीन आलात काय तालमीत?’ त्यावर ‘होय’ म्हणणं त्याला जमतं की नाही, एवढंच पाहायचं.