पाचवी चिमणी

येवल्यात मागावर पैठणीचा पदर चढला की रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या ओळीने लोंबू लागतात. त्यातली एखादी केवळ मोराच्या डोळ्यापुरती. बाकी वेळ नुसती टांगलेली. पण ती विसरली तर मोर आंधळा.

क्षुल्लक वाटणाऱ्याचंही मोल सांगायला येशूने उदाहरण दिलं ते याहून साधं. मत्तयाच्या शुभवर्तमानात पैशाला दोन चिमण्या मिळतात, लूककडे दोन पैशांना पाच. म्हणजे पाचवी चक्क वर घातलेली, भाजीवाली कोथिंबिरीची काडी टाकते तशी! देवाला तिचाही विसर पडत नाही, असं तो सांगतो.

अशाच एका पाचव्या चिमणीची ही गोष्ट. येवल्यावरून जाणाऱ्या मनमाड-दौंड लोहमार्गावरच पुढे राहुरी लागते. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक तिथे काही काळ राहिल्या. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, अकराव्या वर्षी लग्न. १८९५ मध्ये पती, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाले आणि बाईंना नातलगांचा आसरा घ्यावा लागला. कडक सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागे फरफटत नव्हे, मनातला जातीचा हिशेब आधी मोडून.

१९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा येशूच्या जीवनावरच्या त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ या काव्याचे जेमतेम दहा अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्टांची भर घातली. शिवाय ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र आहेच, आणि त्यात सगळ्यात जास्त फजिती त्यांनी स्वतःचीच केली आहे.