मोजणीची मजुरी

एका विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला भूजलाच्या अभ्यासासाठी दिल्लीहून तीन वर्षांचं अनुदान मंजूर झालं आणि ते दोन प्राध्यापकांत विभागलं गेलं.

सरांनी जमिनीत वीज सोडून खालच्या पाण्याचा अंदाज घेणारं यंत्र मागवलं. यंत्र चांगलंच होतं. निविदा, दरपत्रकं, ३१ मार्चच्या आत बिल आणि उपयोगिता प्रमाणपत्र, सगळं वेळेवर झालं. लेखा विभाग खूश. पैसा कशावर गेला यापेक्षा तो मार्चच्या आत गेला का, हेच तिथं आधी पाहतात.

मॅडमचं मात्र लेखा विभागाशी पहिल्याच महिन्यात बिनसलं. त्यांना मोजायला माणसं हवी होती, आणि पैसे होते 'उपकरणे' या हेडखाली. ते 'मनुष्यबळा'कडे वळवायला दिल्लीची परवानगी लागते. पत्रांवर पत्रं गेली, मागितले त्याच्या निम्मे मिळाले.

त्यांचा हट्ट उगाच नव्हता. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. या खडकात पाणी सगळीकडे सारखं मुरत नाही. झिजलेला मुरूम असेल, भेगा असतील, तिथंच ते राहतं. म्हणून बांधाच्या अलीकडची विहीर उन्हाळाभर चालते आणि पलीकडची होळीलाच तळ दाखवते. राज्याची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, पण त्या राज्यभर विखुरलेल्या. एका गावाचं पाणी कळायचं तर त्याच गावच्या पुष्कळ विहिरी दर महिन्याला, वर्षानुवर्षं मोजाव्या लागतात. काम कंटाळवाणं, शोधनिबंधात त्याची जेमतेम दीड ओळ होते.

बालाघाटच्या डोंगरात, मांजरेच्या खोऱ्यातल्या एका गावी मॅडमनी बारावी झालेल्या दोन मुली नेमल्या. हातात टेप आणि वही, विहिरीच्या काठावर रंगाची खूण. लोक हसले.

"पोरी, मोजून पाणी वाढतंय व्हय?" एका आबांनी विचारलं.

"न्हाई आबा. पण गहू करायचा का हरभरा, ते कळंल."

दुसऱ्या वर्षी पाऊस लवकर गेला. दसऱ्यानंतरच्या ग्रामसभेत मुलींनी वही वाचली : गेल्या साली याच दिवसांत होतं त्यापेक्षा पाणी दोन परस खाली. मॅडमनी कुणाला काही कर म्हटलं नाही. एवढ्या पाण्यात कोणतं पीक किती निघेल, ते फळ्यावर मांडलं. निम्म्या गावानं हरभरा पेरला. बाकीच्यांनी पुढं उन्हाळी कांदा लावला, त्यात आबाही होते. शिवरात्रीच्या सुमारास त्यांची विहीर आटली आणि कांदा वाफ्यातच वाळला.

तिसऱ्या वर्षी अनुदानाचा शेवटचा हप्ता आलाच नाही. सरांच्या यंत्राचा देखभालीचा करार संपला आणि ते कपाटात गेलं. मुलींचं मानधन थांबलं, वही कोरी राहू लागली. मग ग्रामसभेत आबाच उठले.

"बोअर पाडाया आपुन कर्ज काढतो. मोटर जळली तर दुसऱ्या दिवशी भरून आणतो. अन् मोजाया दिल्लीनं पैसं धाडायचं?"

दर विहिरीमागं महिन्याला पन्नास रुपये ठरले. दोन घरांनी ते कधीच दिले नाहीत. त्यांच्याही विहिरी मोजल्या जातात, कारण त्या सोडल्या तर शेजारच्या विहिरींचा हिशेब लागत नाही.

काही वर्षांनी दुसऱ्या विद्यापीठाला याच खोऱ्यासाठी मोठं अनुदान मिळालं. संशोधक आले, महिनावार नोंदी पाहून थक्क झाले आणि वही मागू लागले. सरपंचबाईंनी ती दिली, पण अटी घालून. अहवाल छापण्याआधी ग्रामसभेत मराठीत वाचायचा, आणि खर्चाच्या तक्त्यात मोजणाऱ्या मुलींची मजुरी यंत्रांच्या वर लिहायची. पहिली अट संशोधकांनी जागेवर मान्य केली. दुसरीसाठी त्यांनी दिल्लीला पत्र पाठवलं आहे, उत्तर यायचं आहे.